उपआकृत्यांचे संदर्भ: प्रबंध छपाईला देण्यापूर्वीची तयारी

प्रबंध लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकूर जुळवण्याच्या प्रणालीत) जुळवायचा असेल आणि एकाच आकृतीत दोन-तीन चित्रे, म्हणजे उपआकृत्या, शेजारी मांडायच्या असतील, तर त्यासाठीचे पॅकेज, म्हणजे जोड-आज्ञांचा संच, आधीच ठरवावे. ‘सबफिगर’ कालबाह्य झाले आहे. ‘सबफिग’ अजून चालते, पण नव्या कामाला ‘सबकॅप्शन’ घ्यावे. ही दोन एकत्र लावू नयेत, त्यांचे एकमेकांशी जमत नाही. कोणाची जुनी फाईल साचा म्हणून उचलली असेल, तर तिच्या आरंभी यांपैकी काय आहे ते पाहून घ्यावे.

प्रत्येक उपआकृतीला तिचे स्वतःचे लेबल, म्हणजे संदर्भासाठीचे खुणेचे नाव, द्यावे आणि ते कॅप्शनच्या, म्हणजे चित्राखालच्या मजकुराच्या आज्ञेच्या, नंतरच लिहावे. क्रमांक वाढतो तो कॅप्शनमुळे, आणि लेबल केवळ त्या क्षणी चालू असलेला क्रमांक टिपून ठेवते. मुख्य आकृतीचे लेबल कॅप्शनच्या आधी पडले, तर ते सहसा त्या विभागाचा क्रमांक उचलते, आणि ‘आकृती ३.२’ असे दिसायला अगदी बरोबर पण प्रत्यक्षात चुकीचे काहीतरी छापून येते. माझ्या मते ही चूक लेबल न सापडल्यास छापून येणाऱ्या दोन प्रश्नचिन्हांपेक्षा वाईट, कारण तिच्याबद्दल कोणतीही सूचना मिळत नाही. चित्राखाली मजकूर नको असला तरी कॅप्शन रिकामे का होईना ठेवावे, नाहीतर त्या चित्राला अक्षरच मिळत नाही.

संदर्भ कसा दिसावा, हेही लिखाणापूर्वी ठरवावे. मूळ मांडणीत चित्राखालचे अक्षर कंसात असते. संदर्भ देणारी ‘रेफ’ ही आज्ञा मात्र क्रमांक आणि अक्षर कंसाविना जोडून देते, तर ‘सबकॅप्शन’मधली ‘सबरेफ’ नुसते अक्षर देते, तेही कंसाविना. ‘सबरेफ’ मुख्य कॅप्शनमध्ये शोभते. मजकुरातही कंस हवा असेल, तर उपआकृतीच्या क्रमांकाच्या व्याख्येतच तो घालावा आणि चित्राखालच्या अक्षराची मांडणी (‘लेबलफॉरमॅट’) ‘सिंपल’ ठेवावी, म्हणजे चित्राखाली दुहेरी कंस येत नाहीत.

मराठी प्रबंधात आणखी थोडे काम असते. मूळ आज्ञा रोमन अक्षरेच देते, म्हणून अ, आ, इ हा क्रम आपणच व्याख्येत लिहून द्यावा लागतो. ‘आकृती’ आणि क्रमांक यांच्यामध्ये टिल्ड (~ ही खूण) घालावे, म्हणजे ओळ तिथे तुटत नाही. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय मात्र ‘आकृती ४(आ)मध्ये’ असे, मध्ये जागा न सोडता जोडावे. ‘आकृती’सारखा शब्द संदर्भाला आपोआप जोडणारे ‘क्लेव्हररेफ’ हे पॅकेज वापरणार असाल, तर ते संदर्भांचे दुवे करणाऱ्या ‘हायपररेफ’च्या नंतर लावावे आणि आकृतीसाठीचा मराठी शब्द त्याला आपणच सांगावा.

शेवटी फाईल किमान दोनदा कंपाइल करावी, कारण पहिल्या फेरीत लेबले केवळ नोंदली जातात. मग लॉगमध्ये, म्हणजे कंपाइल करताना तयार होणाऱ्या नोंदींच्या फाईलमध्ये, न सापडलेल्या आणि दोनदा आलेल्या लेबलांच्या सूचना शोधाव्यात. दुसरा प्रकार बहुधा आधीची आकृती नक्कल करून चिकटवल्याने होतो. घाईत हाताने लिहिलेले एखादे ‘(आ)’ मजकुरात राहिले आहे का, तेही शोधावे, कारण मधले चित्र काढून टाकले की ते तसेच राहते आणि भलत्याच चित्राकडे बोट दाखवते.