नाशिकच्या वायनरीत वाइन आणि जेवणाचा मेळ बसत नाही? या चुका टाळा

मुंबईहून एका दिवसात नाशिकची वायनरी पाहून परतू पाहणारी मंडळी बहुधा पहाटे निघतात, वाटेत तर्रीदार मिसळ हाणतात आणि दुपारी टेस्टिंगला बसल्यावर वाइन कडू किंवा आंबट असल्याची तक्रार करतात. अशा वेळी दोष बहुधा वाइनचा नसून तिखटाने पोळलेल्या जिभेचा असतो. त्या दिवशी न्याहारीला इडली किंवा उपमा पुरे, आणि टेस्टिंगच्या आधी तासभर कडक कॉफी, बडीशेप, पान मसाला यांपैकी काहीही तोंडात टाकू नये. उग्र अत्तर टाळावे हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र मोगऱ्याचा गजराही वाइनचा गंध तितकाच झाकून टाकतो, हे सहसा लक्षात येत नाही.

खरी गफलत ताटात होते. मटण म्हटले की रेड वाइन, हा ऐकीव नियम आपल्या रश्शाला लागू पडत नाही, कारण मिरचीचा जाळ आणि वाइनमधील अल्कोहोल एकमेकांना चढवतात व टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून वाइनमध्ये उतरणाऱ्या घटकाचा, तुरटपणा अधिकच टोचतो. म्हणून झणझणीत तांबड्या रश्शाबरोबर काबर्ने सोव्हिन्यों ही रेड वाइन मागवण्यापेक्षा किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन घ्यावी. शिराझ ही रेड वाइन हवीच असेल तर सोबत कमी तिखटाचे भाजलेले मटण मागवावे. मासळीचेही तसेच आहे. रेड वाइनमधील लोहामुळे बांगड्यासारख्या तेलकट माशाचा वास तोंडात रेंगाळतो, तर कुरकुरीत बोंबलावर लिंबू जे काम करते तेच सोव्हिन्यों ब्लांक ही व्हाइट वाइन करते. गोडाच्या बाबतीत वाइन पदार्थाइतकी तरी गोड असावी, नाहीतर श्रीखंडानंतर ती निव्वळ आंबट लागते.

मेळ बिघडलाच तर ग्लास बाजूला सारण्याची घाई करू नये. आधी नुसता घोट, मग घास, मग पुन्हा घोट घेऊन नेमके काय बदलले ते पाहावे. तुरटपणा खटकत असेल तर पदार्थावर चिमूटभर मीठ आणि लिंबाचे दोन थेंब टाकल्यास वाइन बरीच मवाळ लागते.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठीचा आहे. आपल्याकडे खोलीत 30 अंश असताना ती 16 ते 18 अंशांपर्यंत उतरवण्यासाठी बाटली थोडा वेळ बर्फात ठेवायला नि:संकोच सांगावे.

तारीख निवडतानाही घोळ होतो. द्राक्षांची तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात चालते, त्यामुळे पावसाळ्यात मळे हिरवेगार दिसले तरी वेलींवर तोडणीचे घड नसतात. उलट हंगाम गाठण्यासाठी प्रजासत्ताक दिनाची जोडून आलेली सुट्टी निवडणाऱ्यांना 26 जानेवारी हा ड्राय डे असल्याचे तिथे पोहोचल्यावर कळते.

परतीच्या गाडीचा प्रश्न मात्र आधीच सोडवावा. रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास गाडी चालवणे गुन्हा ठरतो, त्यामुळे सोबत चालक घ्यावा किंवा सरळ नाशिक रोडपर्यंत रेल्वेने जावे. विकत घेतलेल्या बाटल्या उन्हात तापणाऱ्या डिकीत न ठेवता एसीच्या गारव्यात, पायाशी ठेवाव्यात.