आधी कॅसेट नीट वाजू द्या, कम्प्युटरचं नंतर बघू

जुन्या कॅसेट कम्प्युटरवर घ्यायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, असं ओळखीचं कुणी ना कुणी मला विचारत असतं. मी आधी विचारते, वाजवणार कशावर? सॉफ्टवेअर कुठलंही चालतं. पण फितीवरचा आवाज हेडने, म्हणजे फीत ज्याला घासून जाते त्या आवाज वाचणाऱ्या भागाने, पुरता उचलला नाही, तर तो पुढे कुठल्याच बटणाने परत मिळत नाही. माझ्याकडे आत्याच्या रियाजाच्या कॅसेट आहेत, आणि बाबा दूर नोकरीला असताना पत्राऐवजी बोलून पाठवायचे त्याही. त्यामुळे या बाबतीत मी फार हट्टी आहे. सगळी मेहनत टेप फिरत असतानाच घ्यायची.

वाजवायला चांगला स्टीरिओ डेक, म्हणजे घरी ठेवायचा मोठा कॅसेट प्लेअर, मिळवा, विजेवर चालणारा, मागे लाइन आउटची, म्हणजे आवाज वायरने बाहेर काढायची, भोकं असलेला. नातेवाइकांच्या माळ्यावर असा एखादा हमखास पडलेला असतो. थेट यूएसबीला जोडायचे छोटे कॅसेट प्लेअर मिळतात, ते मला पटत नाहीत. बहुतेकांची मोटर हलकी असते, लांबवलेला सूर त्यात थरथरतो. आणि माळ्यावरून काढलेल्या डेकमध्ये लाखमोलाची कॅसेट लगेच घालू नका. आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो किंवा विरघळून चिकट झालेला असतो, आणि असा डेक फीत खातो. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून बघा.

मग सफाई. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून हेड पुसा, त्याच्या शेजारची चकचकीत पोलादी दांडी पुसा. काडी तपकिरी होते, ती जुन्या फितींची झडलेली पूड. नवी काडी पांढरीच राहीपर्यंत पुसत राहा. दांडीला टेकणारा काळा रबरी रोलर मात्र साबणाच्या पाण्यात ओलसर केलेल्या फडक्याने पुसते, अल्कोहोलने रबर कोरडं पडतं. दर दोन-चार कॅसेटनंतर हेच पुन्हा.

कॅसेट हातात घेतली की पहिल्यांदा पाठीच्या कडेवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, डेकमध्ये घालू नका. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा आणि पुन्हा मागे आणा. वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं रीळ त्याने मोकळं होतं.

कॅसेटच्या तोंडाशी मधोमध तांब्याच्या पट्टीवर लोकरीसारखा छोटा तुकडा असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद सुटून तो पडला असेल तर आवाज दबका येतो, मध्येच खाली-वर होतो. अशा वेळी त्याच लांबीची, स्क्रूची एक साधी कॅसेट घ्या आणि तिच्या कवचात आपली रिळं बसवा. पांढऱ्या कापडावर, ए बाजू वर ठेवून पाचही स्क्रू काढा, वरचं झाकण सरळ उचला आणि फीत कुठल्या रोलरवरून जाते त्याचा फोटो काढा. मग रिळं दोन्ही हातांनी एकदम उचलून ठेवा. तुटलेली फीत जोडायला टेप जोडण्याची खास पट्टीच वापरा, साध्या चिकटपट्टीचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना लागतो. पट्टी लावायची ती फितीच्या आतल्या अंगाला. बाहेरचं अंग हेडला घासतं, त्याच्यावरच आवाज आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण वगळतात ते. हेडमधली बारीक फट फितीच्या चालीला अगदी काटकोनात हवी. प्रत्येक टेपरेकॉर्डरचं हेड केसभर वेगळं कललेलं असतं, म्हणून एका मशीनवर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर गोधडीखालून बोलल्यासारखी ऐकू येते. लोकांना वाटतं कॅसेट खराब झाली. ती खराब झालेली नसते. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, त्यातला ज्याच्याखाली स्प्रिंग असते तो फिरवायचा. कॅसेट वाजत असताना हेडफोन लावा, आवाज मोनो करा, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करा, आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरने तो अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडे-तिकडे फिरवा. मोनोमध्ये फरक लख्ख कळतो. ‘स’ आणि ‘श’ जिथे सर्वांत धारदार ऐकू येतात, तिथे थांबा. स्क्रूची मूळ जागा आधी खूण करून ठेवा आणि प्रत्येक कॅसेटसाठी हे नव्याने करा. बाबांच्या एका कॅसेटमध्ये ते मध्येच कुणाशी तरी हळू बोलतात. ते शब्द मला हा स्क्रू फिरवल्यावर पहिल्यांदा कळले.

डॉल्बी, म्हणजे फितीची खरखर कमी करायची डेकमधली सोय, लावून भरलेली कॅसेट असेल तर डेकचा डॉल्बी चालू ठेवा, पण हेड जुळवल्यानंतर. घरगुती कॅसेट बहुधा डॉल्बीशिवायच्या असतात.

जोडणी सोपी आहे. डेकच्या लाइन आउटमधून वायर यूएसबी साउंड कार्डच्या, म्हणजे आवाज कम्प्युटरमध्ये घेणाऱ्या छोट्या डबीच्या, लाइन इनमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, ते बहुधा मोनो असतं आणि स्वतःची खरखर घालतं. आवाज आपोआप वाढवणारी, सुधारणारी सगळी सेटिंग बंद करा. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. ऑडॅसिटी हे आवाज भरायचं सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि या कामाला पुरून उरतं. त्यात भरण्याचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली राहील असं बघा. मोठ्या आवाजाची टोकं कापली गेली की गेलीच. एक बाजू सलग भरा, मध्ये थांबवू नका. वेव्ह फाइल ठेवली तर ९० मिनिटांच्या कॅसेटला साधारण दीड जीबी लागतात. जागा कमी असेल तर फ्लॅक या लहान फाइलच्या प्रकारात करा, त्यात काही हरवत नाही. एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवायला.

ही फाइल तशीच जपून ठेवायची, कामं तिच्या प्रतीवर. गतीत फरक असेल तर दुरुस्त करता येतो. भरताना सेल उतरत गेले असतील तर वाजवताना आवाज हळूहळू पातळ आणि चढा होत जातो, तो भाग तुकड्यातुकड्याने खाली आणावा लागतो. विजेवर भरलेल्या कॅसेटमध्ये बारीक घूं सापडते. ज्या देशात वीज ५० हर्ट्झची, तिथे ती ५० वर यायला हवी, गती बरोबर आहे का हे बघायला हा उत्तम मापदंड. खरखर काढायच्या फिल्टरला मी क्वचितच हात लावते. तो श्वास खातो, तंबोऱ्याची मागे रेंगाळणारी आस खातो, बोलणाऱ्याच्या मागचं घर पुसून टाकतो. थोडी खरखर कान दहा मिनिटांत विसरतात.

बाजारात विकत मिळायच्या त्या गाण्यांच्या कॅसेट शेवटी घ्या, ती गाणी इतरत्र सापडतात. घरच्या माणसांचे आवाज आधी. वेष्टनावरच्या अक्षरांचा फोटो फाइलसोबत ठेवा. दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या कुणाच्या घरी. मूळ कॅसेट टाकू नका. पूर्ण मागे गुंडाळून, डबीत उभ्या, स्पीकरपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून फाइल ऐकवा. मागे कोण बोलतंय, कुठल्या घरातलं आहे, साल कुठलं, हे त्यांनी सांगितलं की तिथल्या तिथे फाइलसोबत लिहून टाका.