बालसंगोपन अनुदान : अर्ज चोख कसा ठेवावा आणि खोट्या माहितीला शिक्षा काय
आई किंवा वडील गमावलेल्या मुलाला संस्थेत न पाठवता घरातच वाढवता यावे, यासाठी महाराष्ट्र शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मिळू शकणारे हे अनुदान बाल कल्याण समितीच्या (मुलांच्या काळजी व संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीच्या) आदेशानंतरच सुरू होते. पुण्यातील पालकांनी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाशी थेट संपर्क साधावा आणि अर्जासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हाती कोरा, सही केलेला अर्ज देणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. त्याने उत्पन्नाचा बनावट दाखला जोडला, तरी चौकशीत पहिला प्रश्न सही करणाऱ्या आईलाच विचारला जातो. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा आणि मृत्यू दाखला महापालिकेचाच असावा, तसेच भरलेला अर्ज सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा व त्याची प्रत घरी ठेवावी.

मंजुरीनंतरचे बदल लपवू नयेत. आईचा पुनर्विवाह झाला, मूल बालगृहात दाखल झाले, किंवा भाड्याचे घर सोडून कुटुंब जनता वसाहतीतून धायरीला गेले, तर तसे लेखी कळवून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. घर बदलणे हा काही गुन्हा नव्हे, पण गृहभेटीला आलेल्या कार्यकर्त्याला दाराला कुलूप दिसले की खऱ्या गरजू कुटुंबावरही विनाकारण संशय येतो. पुनर्विवाहानंतर पात्रता उरते की नाही, याचा निर्णय समितीवर सोडावा. तो आपणच घेऊन गप्प बसू नये.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवून पैसे मिळवल्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो, आणि अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती लपवणे हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने फसवणूकच आहे. फसवणुकीसाठी बनावट कागद तयार करण्यास कलम ३३६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कागद बनावट असल्याचे ठाऊक असूनही तो खरा म्हणून वापरणाऱ्याला कलम ३४० खाली तो बनवणाऱ्याइतकीच शिक्षा होते. मात्र या सर्व गुन्ह्यांत हेतू पाहिला जातो, त्यामुळे नजरचुकीने पडलेला आकडा आणि जाणूनबुजून केलेली लबाडी यांत फरक राहतो.

म्हणूनच अपात्र ठरल्यानंतरही खात्यात रक्कम जमा होत असेल, तर ती खर्च न करता कार्यालयाला लेखी कळवावे, परतफेडीची पद्धत विचारावी आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवावी. नोटीस आली असेल, तर घाबरून दलालाकडे परत न जाता शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.