इंजिनिअरिंग-पॉलिटेक्निकची फी आणि शिष्यवृत्ती: कायदा काय देतो, जीआर काय देतो

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर फीचा आकडा ऐकला की बरेच पालक तो मुकाट्याने भरून टाकतात. त्या आकड्यामागे दोन वेगवेगळी कागदपत्रं असतात. खासगी कॉलेजने किती फी घ्यायची हे राज्याच्या कायद्यानुसार ठरतं. तुम्हाला त्यातली किती माफ होणार हे शासन निर्णयानुसार, म्हणजे जीआरनुसार. या दोन्हींची गल्लत झाली की तक्रार भलत्याच दारात जाते आणि वर्ष वाया जातं.

सुरुवात फीपासून करा. महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित खासगी व्यावसायिक कॉलेजांसाठी 2015 चा प्रवेश व शुल्क विनियमन अधिनियम आहे. त्यातून दोन प्राधिकरणं उभी राहिली: प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मंजूर फी दिसते. आपलं कॉलेज, अभ्यासक्रम आणि वर्ष शोधून ते पान छापून घ्या. त्यात शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती हे वेगळं पाहा, पुढे हिशेबाला लागेल. मंजूर फीवर कुणी ‘देणगी’ मागत असेल, तर कॅपिटेशन फीला राज्यात 1987 पासून कायद्याने बंदी आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. ‘पुढच्या वर्षी मुलाला त्रास होईल’ या भीतीने लोक गप्प बसतात, ते मला समजतं; पण हातात पावती नसेल तर नंतर तक्रारीला आधारच उरत नाही.

आता सवलत. सर्वात आधी स्वतःला विचारा: प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालाय का? राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी ही अट पक्की आहे. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. आवडती शाखा मिळावी म्हणून कोट्याची जागा घेण्याआधी चार वर्षांचा हा फरक कागदावर मांडून पाहा.

या योजनेत महाराष्ट्राचा रहिवासी असलेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. मुलींसाठी जुलै 2024 च्या जीआरने मोठा बदल केला: ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी. माझ्या मते अलीकडच्या वर्षांतला हा सर्वात चांगला निर्णय. मात्र माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, विकास शुल्क भरावंच लागतं. शिवाय अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या सवलतीबाहेर आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा 2.5 लाख. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्काच्या माफीची योजना, पाहा.

जीआर स्वतः वाचा. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभागाचं नाव आणि तारीख टाकली की तो सापडतो. वर प्रस्तावना असते, ती वरवर वाचली तरी चालेल. ‘शासन निर्णय’ या शीर्षकाखालच्या अटी मात्र पेन्सिल घेऊन वाचा. नंतर शुद्धिपत्रक निघालंय का, तेही बघा.

मग महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या संकेतस्थळावर अर्ज. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, रेशन कार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, गुणपत्रिका आणि लागू असेल तर जातीची कागदपत्रं आधी गोळा करून ठेवा. दाखल्यासाठी जून-जुलैत झुंबड उडते, म्हणून बारावीचा निकाल लागायच्या आतच अर्ज केलेला बरा. मुख्य अडचण बँकेची. खातं असणं वेगळं आणि ते थेट लाभासाठी आधारला जोडलेलं असणं वेगळं. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग झालंय का’ असंच विचारा, नाहीतर अर्ज मंजूर होऊनही पैसे खात्यात पोहोचत नाहीत.

अर्ज आधी कॉलेजच्या टेबलावर जातो, मग विभागाकडे. त्रुटी काढून तो परत पाठवला जातो आणि मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर तिथेच थांबतो. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. कॉलेजच्याच टेबलावर अडकला असेल तर शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकाला अर्ज क्रमांकासह लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

सवलतीस पात्र असूनही पूर्ण फी मागितली, तर जीआरची प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज करा. आठवड्यात उत्तर नाही आलं तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात जा. ही कार्यालयं मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि अमरावतीला आहेत. मंजूर फीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार मात्र शुल्क नियामक प्राधिकरणाकडेच करायची. पहिल्या वर्षी मंजूर झालेला अर्ज दुसऱ्या वर्षी आपोआप चालू राहत नाही, नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, आणि शाहू योजनेत आधीच्या सत्रातली हजेरी किमान 50 टक्के असावी लागते.