साच्यातून पीओपीचे शोपीस काढताना

सिलिकॉनचा साचा असेल तर अर्धं काम तिथंच झालं, कारण तो वाकवून पीस सहज सुटतो. प्लास्टिकचा असेल तर आतून व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा, जास्त लावलंत तर बारीक नक्षी बुजते.

आता मेन गोष्ट म्हणजे मिश्रण. एक वाटी साधं गार पाणी आणि साधारण दोन वाट्या पीओपी, पण पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीत नाही, नाहीतर गुठळ्या होतात आणि मग कितीही ढवळा, काही उपयोग नाही. पावडर थोडी थोडी भुरभुरवायची, मिनिटभर तशीच मुरू द्यायची आणि मग हळूहळू ढवळायचं, जोरात फेटलं की हवा शिरते. भज्याच्या पिठासारखं झालं की लगेच ओता. भांड्यात आधीचा वाळलेला पीओपी चिकटलेला नको हं, त्याने नवीन मिश्रण भराभर आवळतं, माझं एकदा चमच्यासकट घट्ट झालं होतं!

आधी अर्धा साचा भरून तो टेबलावर टकटक आपटा, बुडबुडे वर येऊन फुटतात, मग उरलेलं भरा. थोड्या वेळाने साचा गरम लागेल, घाबरू नका, सेट होतोय. हात मात्र त्यात बुडवून ठेवायचा नाही, भाजतं. अर्ध्या-पाऊण तासाने गार झाला की काढा, पण रंग एक-दोन दिवस पूर्ण वाळल्यावरच.

पावडर उडते म्हणून मास्क लावा, आणि उरलेलं सिंकमध्ये अजिबात ओतू नका, पाइपात दगड होतो.