उत्तर बरोबर, तरी गुपित बाहेर: ओटीने गुणाकार करताना या चुका टाळा

अलकाकडे क ही गुप्त संख्या आहे, बबनकडे ख. दोघांना क × ख हवा आहे, पण आपली संख्या समोरच्याला दाखवायची नाही आणि मध्ये विश्वासातला तिसरा कुणी नाही. किल्लीचे दोन भाग दोन मशीनवर ठेवून ईसीडीएसए ही डिजिटल सही करणाऱ्या काही क्रिप्टो-वॉलेटांच्या पोटात हाच गुणाकार चालतो. त्यासाठी आजही वापरली जाणारी पद्धत निव्ह गिल्बोआ यांनी १९९९ मध्ये मांडली, तीही आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीची किल्ली दोघांनी मिळून बनवण्यासाठी. कोड लहान असतो, म्हणून लोक बिनधास्त स्वतः लिहायला घेतात. टेस्ट हिरवी झाली की विषय संपला असं वाटतं. पण टेस्ट फक्त गुणाकार तपासते, गुप्तता तपासत नाही. खाली आधी टेस्टमध्ये दिसणाऱ्या चुका झटपट उरकतो, कारण खरा धोका दुसऱ्या जातीच्या चुकांत आहे.

आधी पद्धत, आकड्यांसकट

ऑब्लिव्हियस ट्रान्सफर, म्हणजे ओटी: अलका दोन बंद पाकिटं पुढे करते, बबन त्यातलं एकच उघडू शकतो, आणि त्याने कुठलं उघडलं हे अलकाला कळत नाही. गुणाकारासाठी ख चे बिट सुटे करायचे. प्रत्येक बिटासाठी अलका एक नवी यादृच्छिक संख्या र निवडते. पहिल्या पाकिटात र, दुसऱ्यात र + २^न × क (न म्हणजे त्या बिटाचा क्रमांक, शून्यापासून मोजून). बबनचा बिट ० असेल तर तो पहिलं घेतो, १ असेल तर दुसरं. शेवटी बबन आपल्याला मिळालेल्या संख्यांची बेरीज ठेवतो, अलका सगळ्या र च्या बेरजेचं ऋण रूप ठेवते. या दोन वाट्यांची बेरीज म्हणजे क × ख.

मॉड्युलो ९७ घेऊ, म्हणजे दर वेळी ९७ ने भागून उरलेली बाकीच ठेवायची. क = २९, ख = १३, म्हणजे खालून वर बिट १, ०, १, १. अलकाचे र समजा ५०, ७१, ८, ९०. बबनला मिळतं ७९, ७१, २७, ३१. बेरीज २०८, म्हणजे १४. अलकाचा वाटा −२१९, म्हणजे ७२. १४ + ७२ = ८६, आणि २९ × १३ = ३७७, त्याचंही ८६. जमलं.

या उदाहरणातच एक चूक मुद्दाम ठेवली आहे. मॉड्युलस ९७ असेल तर ओटी ७ करायला हव्यात (९६ पर्यंतच्या संख्येला ७ बिट लागतात), मी ४ वर थांबलो. वरचे बिट शून्यच आहेत म्हणून वगळले, तर ख सोळाच्या आत आहे हे अलकाला फुकटात कळतं. ख कितीही लहान असो, ओटींची संख्या मॉड्युलसवरून ठरते.

उत्तर चुकतंय?

तोच क, तोच ख घेऊन कोड दोनदा चालवा. दर वेळी वेगळं चुकीचं उत्तर येत असेल, तर र एकमेकांना काटत नाहीयेत: अलकाच्या वाट्याचं ऋण चिन्ह राहिलंय, किंवा दोन्हीकडचे इंडेक्स जुळत नाहीयेत. कधी बरोबर, कधी चूक असं होत असेल, तर मॉड्युलो घेण्याआधी बेरीज ओव्हरफ्लो होतेय. आणि दर वेळी तेच चुकीचं उत्तर येत असेल, तर र ठीक आहेत, गडबड बिटांत आहे.

त्या तिसऱ्या प्रकारात ख = १ ठेवून बघा. उत्तर क यायला हवं. २५६ बिटांच्या कोडमध्ये २^२५५ × क आलं तर बिट उलटे वाचले जातायत. २^२४८ × क आलं तर बाइटांचा क्रम उलटा आहे, म्हणजे एकाने बिग-एंडियन लिहिलं आणि दुसऱ्याने लिटल-एंडियन वाचलं. नंतर क = १, ख = ० ठेवा. शून्याऐवजी २^२५६ − १ आलं (अर्थात मॉड्युलो घेऊन), तर दोन पाकिटांची अदलाबदल झालीय.

टेस्ट हिरवी, पण गुणाकार उघडा

सगळ्यात साधी आणि सर्रास दिसणारी चूक म्हणजे गुणाकार झाल्यावर दोन्ही वाटे जोडून क × ख बबनला देऊन टाकणं. मॉड्युलस अविभाज्य असेल तर बबन आपल्या ख ने भागतो आणि क हातात. गुणाकार वाट्यांतच राहिला पाहिजे, पुढच्या पायरीतही वाटेच जायला हवेत. डीबगिंगसाठी दोन्ही वाटे एकाच लॉग सर्व्हरवर पाठवणं हाही त्याचाच भाऊ.

मग र पुन्हा वापरणं. वरच्याच उदाहरणात बबनने पुढच्या वेळी ख = १२ घेतला आणि अलकाकडून तेच र आले, तर पहिल्या ओटीत त्याला आता ५० मिळतील. मागच्या वेळी ७९ मिळाले होते. ७९ − ५० = २९. संपलं. असं मुद्दाम कुणी करत नाही. व्हर्च्युअल मशीनचा जुना स्नॅपशॉट परत चालू केला की रँडम जनरेटरची स्थिती मागे जाते, आणि हे आपोआप घडतं.

ओटी एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे थोड्या ओटींपासून पुष्कळ ओटी काढण्याच्या युक्तीत, स्नॅपशॉटचा फटका उलट बाजूला, बबनला बसतो. आयकेएनपी या २००३ च्या पद्धतीत १२८ मूळ ओटी एकदाच करतात आणि त्यांच्या बियांपासून (सीड, म्हणजे सुरुवातीच्या यादृच्छिक संख्या) पुढच्या लाखो ओटी स्वस्तात काढतात. बियांमधून निघालेला तोच प्रवाह दोन सत्रांत वापरला गेला, तर बबनने पाठवलेल्या दोन संदेशांचा एक्सऑर (बिट सारखे तर ०, वेगळे तर १) म्हणजे त्याच्या दोन्ही ख च्या बिटांचा एक्सऑर. प्रवाह कुठवर वापरला ते सांगणारा काउंटर डिस्कवर लिहून मगच संदेश पाठवा, आणि रिस्टोअर झालेल्या मशीनला नव्याने मूळ ओटी करायला लावा. याच ठिकाणी भूमिकांचाही घोळ होतो: एक्स्टेंशनमधला घेणारा मूळ ओटीत देणारा असतो. एक्स्टेंशनमध्ये पाकिटं झाकायला जो हॅश वापरतात, त्यात प्रत्येक ओटीचा इंडेक्स घालायलाही विसरू नका. वेग हवा म्हणून स्थिर किल्लीचं एईएस (एन्क्रिप्शनची एक पद्धत) नुसतंच हॅशच्या जागी बसवलं, तर त्यातून काय बिघडू शकतं हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं आहे.

र निवडताना २५६ यादृच्छिक बिट घेऊन मॉड्युलो घ्यायची सवयही तपासा. बिटकॉइनच्या सेकपी२५६के१ वक्रावर ते खपून जातं, कारण त्याची ऑर्डर (इथला मॉड्युलस) २^२५६ ला अगदी चिकटून आहे. पी-२५६ या दुसऱ्या वक्राची ऑर्डर साधारण २^२२४ ने कमी आहे, त्यामुळे तिथे २^−३२ च्या आसपास कल उरतो, म्हणजे काही संख्या किंचित जास्त वेळा येतात. मर्यादेबाहेरची संख्या आली तर फेकून दुसरी घ्या, खर्च नगण्य आहे.

समोरचा लबाड असेल तर

गिल्बोआंची मूळ पद्धत नियमाने खेळणाऱ्या भिडूंसाठी आहे. अलका लबाड असेल तर ती तिसऱ्या ओटीत पहिलं पाकीट बरोबर भरते आणि दुसऱ्यात मुद्दाम थोडा कचरा मिसळते. बबनचा तिसरा बिट ० असेल तर त्याने ते पाकीट उघडलंच नाही. गुणाकार बरोबर येतो, सही वैध ठरते. बिट १ असेल तर सही फसते. म्हणजे सही झाली की नाही एवढ्यावरून अलकाला एक बिट कळला. ख हा किल्लीचा कायमचा वाटा असेल आणि सर्व्हर ‘सही फसली, पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत राहिला, तर २५६ सह्यांत सगळा ख तिच्या हाती येतो.

‘शेवटी सही तपासतोच की’ हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. ती तपासणीच अलकाला उत्तर देते आहे. याच जातीची चूक दुसऱ्या पद्धतीतही पकडली गेली: २०२३ मध्ये फायरब्लॉक्सच्या संशोधकांनी बिटफोर्ज नावाखाली जाहीर केलेल्या त्रुटींत लिंडेल यांच्या, दोघांनी मिळून सही करण्याच्या पद्धतीच्या काही अंमलबजावण्या होत्या. ही पद्धत पेइये एन्क्रिप्शनवर चालते, ओटीवर नाही, पण फसलेल्या सहीनंतर न थांबण्याची खोड तीच.

उपाय दोन, आणि दोन्ही एकदम लागतात. पहिला, ख चे बिट जसेच्या तसे ओटीत घालू नयेत. डर्नर, कोंडी, ली आणि शेलत यांच्या २०१८ च्या ईसीडीएसए पद्धतीत बबन जादा यादृच्छिक बिट मिसळून ख चं एन्कोडिंग करतो, त्यामुळे अलकाने एखाददुसरा बिट ओळखला तरी त्यातून ख बद्दल काही हाती लागत नाही. जोडीला अलकाने सगळ्या ओटींत तोच क वापरला का, याची सुसंगतता-तपासणी असते. ओटींची संख्या वाढते, ती वाचवायला जाऊ नका.

दुसरा उपाय कोडपेक्षा धोरणाचा आहे. तपासणी फसली तर समोरच्याने लबाडी केली असं धरून त्याच्याबरोबरचा मूळ ओटीचा सेटअप फेकून द्या आणि सही करणं थांबवा. नेटवर्क तुटणं आणि तपासणी फसणं यांना एकाच एरर कोडमध्ये घालून रिट्राय लावणारा कोड रिव्ह्यूत दिसला, तर तो पीआर (कोडबदलाचा प्रस्ताव) तिथेच अडवा.

संथ चालतंय?

२५६ ओटी एकामागून एक पाठवल्या जातायत का ते बघा. एका फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील तर एका गुणाकाराला ५१ सेकंद जातील. सगळ्या एकाच खेपेत पाठवा. कोरिलेटेड ओटी (दोन पाकिटांतला फरक आधीच ठरलेली ओटी) वापरली तर अलकाला दोन पाकिटं पाठवावी लागत नाहीत. र हॅशमधूनच निघतो आणि ती प्रत्येक ओटीमागे फक्त ३२ बाइटची दुरुस्ती पाठवते. २५६ ओटींसाठी हे ८ केबी, आयकेएनपीचे ४ केबी, मिळून १२ केबी. तुमचा ट्रॅफिक याच्या कित्येक पट दिसत असेल, तर प्रत्येक सहीला मूळ १२८ ओटी नव्याने होतायत का, हे आधी तपासा.