प्रोलोथेरपी आणि पीआरपी : इंजेक्शननंतर या चुका टाळा

प्रोलोथेरपीत लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) हाडाला जिथे जुळतं तिथे साधारण 12.5 ते 15 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) टोचतात; सांध्याच्या आत 25 टक्के. पीआरपीत रुग्णाचंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून भरपूर प्लेटलेट असलेला भाग वापरतात. हेतू एकच: दुखावलेल्या लिगामेंटची किंवा सांध्याची रेंगाळलेली दुरुस्ती पुन्हा सुरू करणं. ती दाहापासून सुरू होते, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस ठणकणारच.

नेमकी इथेच सर्वांत महागात पडणारी चूक होते. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी दाह कमी करणारी वेदनाशामक गोळी घेतली, की मुद्दाम उठवलेला दाहच विझतो. प्लेटलेटचं कामही मंदावतं. पीआरपीच्या आधी साधारण आठवडाभर आणि नंतर दोन आठवडे या गोळ्या बंद ठेवायला सांगतात. पॅरासिटामॉल चालतं, पण नुसतंच. बऱ्याच गोळ्यांत त्याच्या जोडीला याच जातीचं अ‍ॅसिक्लोफिनॅक असतं, म्हणून वेष्टनावरचे घटक वाचाच. हृदयासाठी सुरू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. अलीकडे त्याच सांध्यात स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही आधी सांगा; सहसा काही आठवड्यांचं अंतर ठेवतात.

दुसरी चूक त्याही आधीची, निदानाची. पूर्ण तुटून टोकं दूर गेलेलं लिगामेंट कोणतंही इंजेक्शन जोडत नाही. आधी तपासणी आणि गरजेप्रमाणे एमआरआय हवा. खुब्यासारख्या खोल सांध्यात सुई अंदाजाने घालणं योग्य नाही. सोनोग्राफीत बघून टोचणार का, हे विचारून घ्या.

इंजेक्शनसोबत दिलेल्या भुलीच्या औषधामुळे पहिले काही तास सांधा अगदी बरा वाटतो. त्या भरात जिने चढू नका, वजन उचलू नका. पण आठवडाभर पडून राहणंही चूकच, कारण नवं कोलॅजन (लिगामेंट ज्याचं बनतं ते तंतुमय प्रथिन) ताणाच्या दिशेने रचलं जातं. तीन-चार दिवसांनी हलक्या हालचाली आणि साधारण दोन आठवड्यांनंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ताकदीचे व्यायाम सुरू करावेत.

पहिल्याच प्रोलोथेरपीनंतर फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. इंजेक्शनं 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने देतात. तीन वेळा घेऊनही काहीच बदल नसेल, तर चौथ्याआधी निदान पुन्हा तपासून घ्या.

ताप आला, सांधा लाल-गरम झाला, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं किंवा पाय टेकवेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यातला जंतुसंसर्ग काही दिवसांतच कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) नष्ट करू शकतो.